भावसिंग मापाड्याचे एकशे वीस ग्रॅम

अन्नदानासारखं पुण्य नाही, असं मला लहानपणापासून सांगण्यात आलं. सांगणाऱ्यांनी ज्युदो पाहिलेला नव्हता.

त्या दिवशी सकाळी पावणेसातला मी जवळा बाजारच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात मुरमुऱ्यांचा सुशीला खात बसलो होतो. अंगात कोट होता, कारण मी प्रमुख पाहुणा होतो. पंचक्रोशी ज्युदो संघटनेला पंचवीस वर्षं झाली म्हणून जिल्ह्याच्या निवड चाचणीचा नारळ माझ्या हातून फुटणार होता. शिवाय स्मरणिकेत 'संघटनेचा इतिहास व मूल्ये' या विषयावर चार पानं मीच लिहायची होती. मराठीच्या निवृत्त मास्तराकडं आमच्या भागात हीच दोन कामं येतात, नारळ आणि चार पानं. आतून काय निघेल याची दोन्हीत खात्री नसते.

समोर लिंबाला टेकून शितल उभी होती. भावसिंग आड्यांची पोरगी, वय सोळा. अंगावर दोन स्वेटर, ओठ कोरडे, आणि दर मिनिटाला बाजूला थुंकत होती. मला वाटलं, लेकरू भुकेनं कासावीस झालंय.

"शितल, ये गं. दोन घास खाऊन घे."

"नको काका."

आता आपल्याकडं पहिलं 'नको' हे संस्काराचं असतं, दुसरं लाजेचं असतं, आणि तिसऱ्याचा अर्थ 'ताटात वाढा, मग बघू' असा होतो. मी तिन्ही नको ऐकून घेतले. चौथ्याला ती म्हणाली, "बापूला इचारावं लागन." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, बापूनंच सांगितलं मला, पोरीला खाऊ घाला म्हणून."

बापू मला सकाळपासून भेटलेलाही नव्हता.

पोरीचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचाच अभिमान वाटला. तिनं एक प्लेट सुशीला खाल्ला, चार जिलब्या खाल्ल्या, आणि वरून मी आग्रहानं पाजलेलं गिलासभर मसाला दूध घेतलं. ओठावरची दुधाची मिशी पुसत म्हणाली, "बापूनं हिशेब केला असंल मंग."

कसला हिशेब, ते मला अर्ध्या तासानं कळलं. ज्युदोत जोड वजनावर लागते. शितल अठ्ठेचाळीस किलोच्या गटात होती, आणि ते दोन स्वेटर, ते थुंकणं वजन त्याच्या खाली ठेवायला होतं. प्रत्येक गटातून एकच पोरगी राज्याच्या स्पर्धेला जाते. दोन वर्षं ती अंतिम सामन्यात एकाच पोरीकडून हरली होती, आणि ती पोरगी आता वयात बसत नव्हती. शितलचंही या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. म्हणजे यंदा तिला अठ्ठेचाळीसमध्ये अडवणारं कोणी नव्हतं. मी होतो.

पण आधी भावसिंगभाऊंबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

भावसिंग आडे ज्युदोत आले ते ज्युदोसाठी आलेच नाहीत. ते काट्यासाठी आले. तांड्यावरचा हा माणूस बाजार समितीच्या यार्डात मापाडी आहे. लिलाव झाला की शेतकऱ्याचा माल काट्यावर घालायचा आणि आकडा ओरडायचा, हे त्यांचं काम. भावसिंगच्या काट्यावर माशी बसली तर ते ती उठेपर्यंत थांबतात, असं यार्डात म्हणतात. एका व्यापाऱ्यानं एकदा त्यांना सुचवलं, की पोत्याला जरा पाय लागला तरी चालतो. भावसिंगभाऊंनी सगळ्या यार्डासमोर त्या व्यापाऱ्याला उचलून काट्यावर ठेवलं आणि ओरडले, "ब्याऐंशी किलो, माल ओला हाय!"

पंचवीस वर्षांपूर्वी नरसिंग सर नावाचे क्रीडाशिक्षक इकडं बदलून आले. त्यांनी कुठंतरी बारा दिवसांचं ज्युदोचं शिबिर केलं होतं. तिथून त्यांनी एक प्रमाणपत्र आणि एक लंगडणारा पाय आणला होता. त्यांना संघटना काढायची होती. नोंदणीला सात सह्या लागतात. तालमीतले दोन पैलवान, एक शिंपी, एक हॉटेलवाला, गोदाम असलेला एक बियाणेवाला आणि स्वतः सर, असे सहा झाले. सातवे एक पुढारी येणार होते, ते पुढाऱ्याप्रमाणे आले नाहीत. तेवढ्यात पोरांची वजनं घ्यायला बोलावलेला मापाडी सायकलला काटा बांधून दारात आला.

"सही येते का?" सरांनी विचारलं.

"येते."

"मग करा."

अशा रीतीनं भावसिंगभाऊ संस्थापक सदस्य झाले. आपण कशावर सही केली, हे त्यांना पंधरा दिवसांनी कळलं.

पैलवान पहिल्या महिन्यातच गेले. लंगोट लावून लढायचं सोडून अंगरखा घालून लढायचं, हे त्यांना पटेना. "कुस्तीला निघालो का लग्नाला?" असं विचारून ते जे गेले ते गेलेच. शिंप्यानं मांजरपाटाचे अंगरखे शिवले. पहिल्याच सामन्यात कॉलर एकाच्या हातात राहिली आणि खेळाडू दुसरीकडं जाऊन पडला. शिंपी म्हणाला, माझ्या शिलाईला असं ओढायचं नसतं. तोही गेला. दोन वर्षांनी सरांची बदली झाली. हॉटेलवाला आणि बियाणेवाला कागदावर उरले, आणि गोदामात भावसिंगभाऊ उरले. दोन वर्षं काट्याशेजारी उभं राहून त्यांनी सगळं पाहिलं होतं. जपानी डावांची नावं त्यांनी यार्डाच्या पावतीपुस्तकाच्या पाठीमागं लिहून घेतली होती. मग ते सत्ताविसाव्या वर्षी स्वतः पडायला शिकले.

पडायला, हो. ज्युदोत आधी पडायलाच शिकवतात. पाठ गोल करायची, हनुवटी छातीला लावायची, हातानं गादीला थाप मारायची. भावसिंगभाऊ पोरांना तीन महिने दुसरं काही शिकवतच नाहीत. एक आई भांडायला आली होती. म्हणाली, "तीन महिने झाले, पोरगं नुसतं पडून राहिलं. हे तर त्याला घरी बी येत होतं!"

आणि ज्याला मी गादी म्हणतो, ती सुरुवातीला सोयाबीनच्या भुसकटानं भरलेली पोती होती. अंगाला अशी खाज सुटायची की पोरं चार मिनिटांचा सामना एका मिनिटात निकालात काढत. या संघटनेचे खेळाडू झटपट जिंकतात अशी जिल्ह्यात ख्याती झाली, तिचं श्रेय भुसकटाला आहे. पुढं खऱ्या गाद्या आल्या आणि सामने लांबले.

पोरी मात्र त्या अंगरख्यामुळेच आल्या. अंगभर कपडा, वर कमरेला पट्टा. तांड्यावरच्या बायांनी तो हात लावून पाहिला, ओढून पाहिला, आणि हरकत नाही म्हणाल्या. भावसिंगभाऊंच्या बायको रूपाबाई यांनी तर स्वतः एक डाव शिकून घेतला. तो त्यांनी आजवर फक्त एकदाच वापरलाय, असं त्या सांगतात. कोणावर, ते भावसिंगभाऊ सांगत नाहीत.

राहता राहिली मूल्यं. नरसिंग सरांनी घटनेत आठ-नऊ भारदस्त मूल्यं लिहिली होती. ती चौकट गोदामात टांगलेली होती. आदर आणि संयम उधईनं खाल्ले. मैत्री अर्धी आहे. चालतात ते भावसिंगभाऊंचे नियम, आणि ते कुठंच लिहिलेले नाहीत. गादीवर चढताना वाका, उतरताना वाका. ज्याला पाडलं त्याला हात देऊन उठवा. हरलेल्याला आधी चहा. आणि गाद्या जिंकलेल्यानं उचलायच्या.

"हे शेवटचं काहून?" मी एकदा विचारलं होतं.

"हरलेल्याचे हात दुखून राहिलेले असतात," ते म्हणाले. मी हे चार पानांसाठी टिपून घेतलं, आणि हे मूल्य आहे की वैद्यकीय सल्ला, यावर दोन दिवस घालवले.

तर त्या सकाळी मंगल कार्यालयात सात ते आठ वजनं होती. मी कोट झटकत पोचलो तेव्हा शितल स्वेटर आणि चपला काढून काट्यावर चढत होती. आकडा थांबला. अठ्ठेचाळीस किलो चारशे दहा.

भावसिंगभाऊंनी आकड्याकडं पाहिलं, मग पोरीकडं. "पहाटं सत्तेचाळीस-सातशे व्हतीस."

"तुमीच खायाला लावलं ना बापू!"

"मी?"

मग बाप, लेक आणि रूपाबाई तिघंही माझ्याकडं वळले. माझ्या कोटाच्या बाहीला जिलबीचा पाक लागलेला होता. मी सगळं कबूल केलं. चौथ्या 'नको'पासून.

"गुरुजी," रूपाबाई म्हणाल्या, "दोन दिस झाले, मी घरी भाकर थापली न्हाई. पोरीला वास येऊ नये म्हणून. आमी समदे मुरमुरे खाऊन राहिलो. अन् तुमी तिला जिलबी चारली?"

भावसिंगभाऊ भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हणाले, "आठपर्यंत काटा चालू हाय. चाळीस मिनटं."

"पळून येते, सर," शितल म्हणाली. बापूला 'सर' म्हटलेलं ऐकून रूपाबाईंनी लेकीकडं चमकून पाहिलं.

दोन स्वेटर, वर आईची सोलापुरी चादर, असं गुंडाळून पोरगी बाजारातून पळत सुटली. प्रायश्चित्त म्हणून मीही मागं निघालो. बाजाराचा दिवस होता, दुकानं नुकती मांडत होते. चादर पांघरून पळणारी पोरगी आणि तिच्या मागं कोटातला म्हातारा मास्तर, हे दृश्य काही ज्युदोच्या पुस्तकात नाही. वांगीवाल्या चंदाबाई ओरडल्या, "मास्तर, काय घेऊन पळाली हो ती?"

"माझी जिलबी!" मी धापा टाकत म्हणालो.

दुसऱ्या फेरीला दोन हमाल आमच्यात सामील झाले, चोर धरायला. तिसऱ्या फेरीला एक कुत्रं आलं, ते कोणाच्या बाजूनं आहे हे शेवटपर्यंत कळलं नाही. शितल त्यामुळं आणखी जोरात पळाली, तेवढीच माझी मदत. माझं स्वतःचं बहुधा किलोभर कमी झालं, पण ते तिच्या नावावर लावता येत नव्हतं.

आठला दहा कमी असताना ती परत काट्यावर चढली. दीडशे वर. केसातल्या पिना काढल्या, रिबीन काढली, हातातले दोरे काढले. एकशे वीस वर. रूपाबाईंनी कुठूनशी कात्री आणली आणि वेणी हातात धरली.

"हात नको लावू, याडी!" शितलनं आईच्या हातातून वेणी ओढून घेतली. तांड्यावर आईला याडीच म्हणतात. "केस माजे हायेत. वजन काकाचं हाय."

मी भावसिंगभाऊंना बाजूला घेतलं. "भाऊ, एकशे वीस ग्रॅम. एवढं तर एका केळ्यात असतं."

"व्हय."

"पाप माझं, आणि वर्ष पोरीचं चाललंय."

"व्हय."

"काटा तुमचा, वही तुमची. कोण बघतंय?"

यावर त्यांनी 'व्हय' म्हटलं नाही.

तेवढ्यात पुसेगावचे व्यंकटराव पुढं आले. मोठे शेतकरी, त्यांची मंजुषा बावन्न किलोच्या गटात होती. "राहू द्या हो भावसिंग," ते गहिवरून म्हणाले. "लेकरू हाय. घाला अठ्ठेचाळीसमधी. मी हरकत घेत न्हाई." आता चाचणीचा नियम असा, की अठ्ठेचाळीसमध्ये न बसणाऱ्या पोरीला आठच्या आत वरच्या बावन्नमध्ये नाव घालता येतं. शितल बावन्नमध्ये आली तर थेट मंजुषाच्या अंगावर येणार होती. त्यामुळं व्यंकटरावांचं अंतःकरण भरून आलं होतं.

"व्यंकटराव, उद्या तुमचं सोयाबीन बी असंच मोजू का?" भावसिंगभाऊ म्हणाले. "थोडं इकडं, थोडं तिकडं?"

"सोयाबीनची गोष्ट येगळी हाय!" व्यंकटराव एकदम शुद्धीवर आले.

मग भावसिंगभाऊंनी मला भिंतीशी बसलेली एक बारकी पोरगी दाखवली. "ती नर्सीची कोमल. अठ्ठेचाळीसलाच हाय. काल दुपारपासून पानी बी न्हाई पिली. आत्ता बराबर भरली. तिला जाऊन काय सांगू, ते तेवढं सांगा गुरुजी."

कोमल ओठांवरून जीभ फिरवत बसली होती. क्षणभर माझ्या मनात आलं, हिलाही सुशीला खाऊ घालावा, म्हणजे दोघी सारख्या होतील. पण त्या दिवशी माझा स्वयंपाकघराशी संबंध न येणंच बरं होतं.

"बावन्नला लिहा, सर," मागून शितल म्हणाली.

भावसिंगभाऊंनी वहीत सावकाश लिहिलं. शितल भावसिंग आडे, अठ्ठेचाळीस-एकशे वीस, गट बावन्न. मग उठून घंटा दिली. ही घंटा यार्डाची, लिलावाची. आठ वाजले होते.

नारळ मी फोडला. दुसऱ्या फटक्यात फुटला, भाषण मी केलं नाही. ते पाहून लोकांना माझ्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

पहिली पोरगी शितलनं पाऊण मिनिटात खांद्यावरून टाकली. सगळा राग त्या एका डावात होता. बिचारीला वाटलं, आपण काय केलं? शितलनंच तिला हात देऊन उठवलं.

अंतिम सामन्याला समोर मंजुषा. एक्कावन्न-आठशे, घरच्या दुधातुपाची, आणि चेहऱ्यानं इतकी गरीब की तिच्यावर राग धरणं अवघड. पंच परभणीहून आलेले होते. घड्याळ भावसिंगभाऊंकडं, कारण संघटनेत दुसरं माणूसच नाही. मी त्यांच्या शेजारच्या पाहुण्यांच्या खुर्चीत होतो. पहिल्याच मिनिटात शितलनं मंजुषाला अशी फिरवली की ती कुशीवर आपटली. अर्धा गुण. मी खुर्चीतून उठलो. रूपाबाई उठल्या. व्यंकटराव बसले.

नंतरची दोन मिनिटं मंजुषा नुसती ओढत राहिली आणि शितल निसटत राहिली. शेवटच्या मिनिटाला शितलचा पाय गादीच्या फटीत अडकला. मंजुषा तिच्यासकट खाली आली, आणि वर राहिली.

पाठ गादीला लावून वीस सेकंद धरलं की सामना संपतो. पंचांनी हात पुढं केला आणि भावसिंगभाऊंनी बटण दाबलं. शितल मासोळीसारखी उसळत होती. आठाला तिचा खांदा सुटला, पण मंजुषानं परत दाबला. बाराला एक पाय मोकळा झाला, आता सुटलीच असं वाटलं. पंधराला मंजुषा पुन्हा अंगावर सरकली. जवळजवळ चार किलोचा फरक असा तिच्या छातीवर बसलेला मला दिसत होता, आणि त्याच्याखाली तिला मीच घातलंय याचाच विचार डोक्यात चालू होता. मी भावसिंगभाऊंच्या अंगठ्याकडं बघत मनात म्हणत होतो, चूक, माणसा. जन्मात एकदा चूक.

विसाला त्यांनी घंटा दिली. ना एक अलीकडं, ना एक पलीकडं.

मंजुषानं हात दिला. शितलनं तो धरला, उठली, वाकली, गादीवरून उतरली, पुन्हा वाकली. भावसिंगभाऊ कपबशी घेऊन तिच्यापुढं गेले. हरलेल्याला आधी चहा.

"थँक्यू, सर," ती म्हणाली, आणि कप शेजारच्या खुर्चीवर ठेवून दिला.

अठ्ठेचाळीसला कोमल जिंकली आणि लगेच एका बैठकीत तीन प्लेट पोहे संपवून बसली. मंजुषा गाद्या उचलायला लागली, तेव्हा व्यंकटराव धावत आले. "अगं, तू काहून उचलून राहिलीस? जिंकली ना तू!"

"म्हनूनच," मंजुषा म्हणाली, आणि गादीचं दुसरं टोक बापाच्या हातात दिलं. मोठ्या शेतकऱ्यानं कार्यालयातून टेम्पोपर्यंत चौदा गाद्या वाहिल्या. शेवटच्या तीन तर स्वतःहून.

गाद्या गोदामात टाकून टेम्पो तांड्याकडं निघाला. मला वाटेत उतरायचं होतं म्हणून मी पुढं, ड्रायव्हर आणि भावसिंगभाऊंच्या मध्ये अंग चोरून बसलो होतो. मागं उघड्यावर शितल आईला टेकून, गुडघ्यावर हनुवटी ठेवून, आमच्याकडं पाठ करून बसलेली. निघायच्या आधी मी तिची माफी मागितली होती. "जाऊ द्या काका, जिलबी चांगली व्हती," म्हणाली. माझं प्रकरण एका मिनिटात मिटलं. परक्या माणसाचं मिटतंच.

दोन्हीकडं तुरी उभ्या होत्या. भावसिंगभाऊ बाहेरच्या आरशात बघत होते. त्या आरशात रस्ता दिसत नव्हता, कारण त्यांनी तो मघाशीच हातानं मागच्या हौद्याकडं वळवून घेतला होता.

शेवटी मला राहवेना.

"भावसिंगभाऊ, पोरगी बोलेल का हो तुमच्याशी?"

त्यांनी आरशातून नजर काढली नाही.

"आज न्हाई."